आडवी पळी

शाळेच्या स्वयंपाकघराची खिडकी घड्याळावर उघडत नसे, डेगमावशीच्या जिभेवर उघडत असे. शेगडीवर रोज चार भांडी. ती एकेका भांड्यातून चमचाभर घ्यायची, डोळे मिटायची, जीभ टाळ्याला लावायची, आणि चव पसंत पडली की त्या भांड्याच्या काठावर पळी आडवी ठेवायची. चौथी पळी आडवी पडली की खिडकीची कडी निघालीच. पळी भांड्यात उभी असेपर्यंत खुद्द मुख्याध्यापिका आल्या तरी रांगेत उभ्या. भूक लागली म्हणून नियम मोडत नाही, हे त्या शाळेत पाढ्यांच्याही आधी शिकायला मिळायचं.

डेगमावशी हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि उगाच नव्हे. भात शिजवायची ती पोटुशी डेग आणि मावशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की पाठमोरं कोण कुठलं ते ओळखू येत नसे. "ओळखायची खूण सोपी आहे," ती स्वतःच म्हणायची, "डेगेला झाकण असतं. मला नाही." तिच्या हाताखाली भाज्या चिरायला होती ती काडी, नावासारखीच. दोघी मिळून सरासरी ठीक आहे, असं गणिताचे सर म्हणायचे, आणि त्या दिवशी त्यांच्या ताटात बटाटे कमी पडायचे.

सगळं बरं चाललं होतं, पण गुडघ्यांनी संप पुकारला. आधी संध्याकाळी दुखायचे, मग दुपारी, मग भात उतरवण्याआधीच. मावशी स्टुलावर बसून ढवळायला लागली. काडी काही बोलली नाही, फक्त स्टूल रोज न सांगता शेगडीपाशी आणून ठेवायची. मावशीला त्या न बोलण्याचीच धास्ती वाटायची.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "वजन उतरलं नाही तर उभ्याचं काम विसरा." मग त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. त्यातला मोठा भाग कापून टाकायचा, उरेल ती केळ्याएवढी नळी. थोडक्यात पोट भरेल, वजन घटेल, गुडघे सुटतील.

"चव लागेल ना?" मावशीने एवढंच विचारलं.

डॉक्टर हसले. "चव जिभेला लागते, पोटाला नाही. काहीजणांची थोडे दिवस बदलते म्हणा, बहुतेकांची परत येते."

पहिलं वाक्य मावशीने पदराला गाठ मारून घरी आणलं. दुसरं तिथेच खुर्चीवर राहिलं.

शुद्धीवर आली तेव्हा पोटावर पाच लहान पट्ट्या होत्या आणि दुखत होता खांदा. "अहो, चुकून दुसरंच काही कापलं का?" तिने नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, पोट फुगवायला वायू भरतात, तो वर चढतो, चाललात की जिरेल. म्हणून सलाईनचा दांडा ढकलत, मागून उघडा झगा एका हाताने धरत, ती दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यातून चालली. औषधाच्या इवल्या कपातून पाणी प्यायचं, तेही घोट घोट. जिने आयुष्यभर पिंपाने पाणी मोजलं तिला ते कपभर पाणी संपता संपेना. जरा मोठा घोट गेला की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं, आणि तो उतरेपर्यंत भिंतीकडे बघत बसण्यावाचून इलाज नसायचा.

घरी आल्यावर मदतीला नणंद आली. मदत म्हणजे खुर्ची आणि तोंड.

"एवढा खटाटोप उपाशी राहायला केलास होय? माझ्याकडे येऊन राहायचं होतं, वहिनी. मी फुकटात उपाशी ठेवलं असतं."

"तुमच्याकडचं जेवण्यापेक्षा मला उपाशी राहणंच बरं वाटायचं, वन्सं," मावशी म्हणाली आणि हसली, आणि हसल्यावर टाके ओढले म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

पोटात कावळे ओरडायचे तिथे आता चिमणीही चिवचिवत नव्हती. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. ब्लाउज सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या, आणि एके सकाळी ती जिना उतरून खाली गेली, वर आली, आणि मग लक्षात आलं की मधे कुठे थांबलेच नाही. त्या दिवशी ती तोच जिना आणखी एकदा उगाचच चढली.

लेक शाळेतून आली की आईसाठी भाज्यांचं सूप करायची, गाळून, पाण्यासारखं. त्याच शाळेत नववीतली पोर, पण हात आईवर गेलेला. पहिला चमचा तोंडात घेतल्यावर मावशीला नाणं चाटल्यासारखं वाटलं.

"मीठ विसरलीस गं."

"टाकलंय, आई."

"मग मीठच आळणी निघालं."

लेकीने सूप चाखून पाहिलं आणि चिमूटभर मीठ आणखी टाकलं. मावशीला वाटलं, आजारपणाचं तोंड आहे, येईल ताळ्यावर. डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली तेव्हा तोंड कसं आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. गुडघे ठणठणीत होते. ज्याच्यासाठी एवढं केलं ते तर झालं होतं.

पहिल्या दिवशी शाळेत पोरांनी खिडकीला नाकं लावली. "मावशी, तुमची अर्धी कुठे गेली?" गणिताचे सर म्हणाले, आता सरासरी पुन्हा काढावी लागेल. काडीने स्टूल आणलं नव्हतं. ते बघून मावशीला इतकं भरून आलं, की तिने ॲप्रनची नाडी कमरेला दोनदा गुंडाळली आणि सरळ शेगडीकडे गेली.

सूप, भात, वाटाणा-बटाटा, शेवटी सफरचंदाचा गोड गर. आधी सूप. चमचा तोंडात, डोळे मिटले, जीभ टाळ्याला. नाणं. तिने मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा चमचा घेतला. आता कुठे चवीसारखं काहीतरी लागलं. मग भात. मग वाटाणा. आणि वाटाणा गिळताना आतून दार लागलं.

पूर्वी ती चारही भांडी चाखायची आणि वर स्वतःचं ताट वाढून घ्यायची. आज हे चमचेच तिचं अख्खं जेवण झालं होतं. तोंडाला पाणी सुटलं, घाम फुटला, छातीत तो दगड येऊन बसला. मागच्या दाराने बाहेर जाऊन ती भिंतीला धरून वाकली. सगळं बाहेर आलं तेव्हा आत रांगेतल्या पोरांनी ताटं वाजवायला सुरुवात केली होती.

परत आली तर गराची पळी तेवढी उभी. चमचा उचलण्याचा विचार मनात आला तरी पोट वर येत होतं. काडी तिच्याकडे बघत होती. मावशीने न चाखताच पळी आडवी ठेवली आणि कडी काढली.

गणिताचे सर सूपची वाटी घेऊन परत आले. चेष्टा करायला आले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी वाटी अलगद ठेवली आणि म्हणाले, "मावशी, आज भूक नाही जरा." त्यांच्यामागे आणखी वाट्या आल्या, काठोकाठ भरलेल्या. पोरांची तोंडं वाकडी, पण बोललं कुणीच नाही. आजारातून उठलेल्या माणसाला बोलायचं नाही, असं त्यांना वर्गात बजावलं असावं.

एक लेक मात्र कोपऱ्यात बसून सूप संपवत होती. संपवलं आणि वाटी पुढे करून म्हणाली, "आणखी दे." मावशीने वाढलं. मग भांडी आवरताना जाळीतून तिला दिसलं, लेक अंगणातल्या नळाला तोंड लावून उभी होती, आणि ओंजळीमागून ओंजळ पाणी पीत होती.

दुसऱ्या दिवशी तिने सूप काडीला चाखायला दिलं.

"बरोबर आहे, ताई."

"खरं सांग."

"खरंच बरोबर आहे."

काडीचा चेहरा नेहमीसारखाच होता, स्टूल आणून ठेवताना असायचा तसा. मावशीला त्यावरून काही वाचता येईना. तिने मागच्या दाराने लेकीला आत बोलावलं.

"काल सूप कसं होतं?"

"छान होतं."

"मग नळावर काय करत होतीस?"

लेकीने बुटाने फरशीवरचं टरफल ढकललं. "खारट होतं, आई. फार."

"आज खरं सांग." मावशीने चमचा पुढे केला.

लेकीने चाखलं, आईसारखेच डोळे मिटून. "थोडं आळणी आहे."

"कुठे आळणी आहे गं," काडी म्हणाली. "बरोबर तर आहे."

"आळणीच आहे," लेक म्हणाली.

मावशीने चिमटीत मीठ घेतलं. चिमटी भांड्यावर धरली. काडी तिचं मन राखत असेल, की लेक कालची भरपाई करत असेल? पूर्वी असल्या तंट्याचा निकाल एका चमच्यात लागायचा. तिने स्वतः एक थेंब जिभेवर घेतला. नाणंच लागलं. बाहेर ताटं वाजायला लागली. थोडं मीठ तिच्या हातून सांडलं, काही भांड्यात, काही शेगडीवर, आणि किती कुठे पडलं ते तिलाही कळलं नाही.

काडीने हात पुढे केला आणि पळी आडवी ठेवली. इतक्या हळू, की काठाला आवाजसुद्धा झाला नाही. मग लेकीच्या हातात चमचा देऊन तिला भाताकडे वळवलं.

मावशी बाजूला सरकली. पोरांना वाढायला काडी होती, चाखायला लेक होती. गुडघे अजिबात दुखत नव्हते. दिवसभर तशीच उभी राहू शकली असती.