सहा अडतीसची गाडी

माझी सासू डीलिया हेशन कॅरोबेगच्या रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं होती. तिच्या आधी तिची सासू. गाडी यायची झाली की सिग्नलवाल्याचा फोन वाजायचा. डीलिया हातातलं असेल ते टाकून बाहेर जायची, रस्त्यावर दोन्ही दारं ओढून घ्यायची आणि गाडी गेली की उघडायची. फाटकाला खेटून रेल्वेचंच घर होतं, त्यात ती एकटी राहायची. सासरे मी लग्न करून येण्याआधीच गेले होते. आमचं घर तिथून पाऊण मैलावर, किलारोन गावात.

मी गॉलवेच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासते. आठ म्हणजे आठला हजर व्हावं लागतं, आणि आमच्याकडची पहिली गाडी गॉलवेला पोचायची सव्वानऊला. म्हणजे गाडी असून नसल्यासारखीच. रोज गॉलवेपर्यंत कारने जाणं परवडत नव्हतं, मग मी हायवेवर जाऊन चर्चच्या आवारात कार लावायची आणि बसची वाट बघायची. बस मागच्या गावांतूनच भरून यायची. ड्रायव्हर काचेतून पंजा दाखवायचा, जागा नाही, आणि पाणी उडवत निघून जायचा. पुढची चाळीस मिनिटांनी. आम्ही पाच-सहा जण तिथे अंधारात उभे असायचो, आणि कोणी शिवी दिली तरी तिच्यात जोर नसायचा. एका हिवाळ्यात साहेबांनी मला तिसऱ्यांदा आत बोलावलं.

"फिडेल्मा, तू कामात चांगली आहेस. पण वेळेवर येणारी बाई मला जास्त चांगली."

नवरा, एन्डा, दुधाच्या कारखान्यात. त्याची पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची. म्हणून मी सायवला, आमच्या तेव्हा दीड वर्षांच्या मुलीला, पावणेसहाला दुलईसकट उचलून डीलियाकडे नेऊन ठेवायची. डीलिया चुलीजवळच्या बाकावर तिला निजवायची आणि माझ्या हातात लोणी लावलेल्या ब्राऊन ब्रेडची पुडी द्यायची. "खा बसमध्ये. मिळाली तर," म्हणायची.

त्या हिवाळ्यातच मी प्रवासी समितीत गेले. निवृत्त शाळामास्तर कोलमन टली यांनी ती काढली होती. पत्रं मी लिहायची, सह्या मी गोळा करायची. बस रोज किती माणसं मागे टाकून जाते ते वहीत टिपायची. मागण्या दोनच होत्या, लवकरची एक गाडी आणि बालिनदरहून गावागावांतून स्टेशनपर्यंत येणारी एक बस. दोन वर्षं आम्ही पिच्छा पुरवला.

आणि फेब्रुवारीत होकार आला. कोलमननी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरला. लवकरची गाडी मंजूर, बस मंजूर. मात्र गाड्या वाढवायच्या आणि वेग वाढवायचा तर माणसाने उघडायची पाच फाटकं कायमची बंद. नकाशावर पाच लाल खुणा होत्या. तिसरी कॅरोबेगची.

"घराचं काय?" मी विचारलं.

"तिथे दुसरा रूळ टाकायचाय, गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावं म्हणून. घर..." त्यांनी तिसऱ्या खुणेवर बोट ठेवलं. "अरे देवा. ती तुझी सासू."

"हो."

"मग तूच सांग तिला. बाहेरून कळायला नको."

"सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायवला बाकावर ठेवताना सांगणार होते. डीलियाला खोकला झाला होता, म्हणून राहू दिलं. मग ईस्टर आला. मग मनात आलं, आधी एन्डाला सांगू. पण एन्डाच्या पोटात काही राहत नाही, तो आईकडे जाऊन रडला असता. खरं कारण एवढंच होतं की रोज पावणेसहाला मला तिची गरज होती. रागावलेल्या बाईच्या घरी झोपलेलं पोर नेऊन ठेवायची माझी हिंमत नव्हती. असे तीन महिने गेले. पुडी मी रोज घेत होते आणि बस मिळाली की खातही होते.

मेमध्ये गावच्या क्लबच्या हॉलमध्ये जाहीर सभा झाली. डीलिया पर्समध्ये चष्मा घेऊन आली, दुसऱ्या रांगेत बसली. तिला वाटत होतं सून नेमकं काय मिळवून बसलीये ते बघावं. रेल्वेचा तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवायला लागण्याआधी कोलमन उठले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते म्हणाले, "एका माणसाचे आभार मी सगळ्यांच्या आधी मानणार आहे. डीलिया हेशन. आपलं फाटक आणि आपलं घर जाणार हे त्यांना फेब्रुवारीपासून माहीत आहे, आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार केलेली नाही."

टाळ्या वाजल्या. डीलियाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चष्मा तिने घातलाच नव्हता. टाळ्या संपेपर्यंत ती बघत राहिली, मग घड्याळ पाहून उठली, कारण सव्वासातची गाडी यायची होती.

मी तिच्या मागे धावले. फाटकापाशी पोचेपर्यंत ती झपझप चालत राहिली. फाटक ओढलं, कडी घातली, आणि मग दाराला पाठ लावून उभी राहिली.

"कधी कळलं तुला?"

"कोलमननी सांगितलं तेव्हाच."

"म्हणजे फेब्रुवारी."

"डीलिया, मी सांगणारच होते, पण..."

"फाटक जाणार हे मला पंधरा वर्षं माहीत आहे गं. दर वर्षी कोणी ना कोणी फायली घेऊन येतो. घराचंही कळायला वेळ लागला नसता. पण तू रोज माझ्या हातची भाकर घेऊन गेलीस. तोंड वर करून. मला गावासमोर उभं केलंस आणि टाळ्या घ्यायला लावल्यास."

गाडी आली. ती गेल्यावर डीलियाने फाटक उघडलं आणि आत निघून गेली.

एन्डाने माझ्यावर आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मलासुद्धा नाही सांगितलंस?" आणि कुत्र्याला घेऊन बाहेर पडला.

पुढचं दीड वर्ष ती सायवला सांभाळत राहिली. पण माझ्याशी बोलायची ती पोरीच्या मार्फत. "सायव, आईला सांग तुझा बूट फाटलाय." "नॅना म्हणते बूट फाटलाय," सायव आजीच्या वतीने सांगायची, मी दीड हातावर उभी असताना. पुडी बंद झाली. एन्डाने तिला आमच्याकडे खोली देऊ केली. "मला कोणाच्या घरात पाहुणी व्हायचं नाही रे," ती म्हणाली. ऑक्टोबरात फाटकाला साखळी लागली. ती बालिनदरला वयस्कांसाठीच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. अकरा मैल म्हणजे काही परदेश नाही. पण पावणेसहाला पोर नेऊन ठेवता येईल असं ते अंतर नव्हतं.

डिसेंबरात गाडी सुरू झाली. सहा अडतीस. पहिल्या दिवशी कोलमन टाय लावून स्टेशनवर आले होते. डब्यात ऊब होती, बसायला जागा होती, आणि मी सात पंचावन्नला प्रयोगशाळेत कोट घालून उभी होते. साहेबांनी घड्याळाकडे पाहून भुवया उंचावल्या. एन्डाने तीन दिवस रजा घेतली होती, म्हणून मी ते तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी काय? पाळणाघर साडेसातला उघडतं. सकाळी घरी येऊन मूल बघेल अशी बाई तीन गावांत नव्हती. होती तिच्याकडे आधीच सहा पोरं, यादीत आणखी नऊ. मी पुन्हा, ऑक्टोबरापासून करत होते तसंच, सायवला साडेसातला पाळणाघरात सोडून कारने गॉलवेला जायला लागले, अर्धी वाट गाड्यांच्या रांगेत. रोज उशीर. ज्या गाडीसाठी दोन वर्षं पत्रं लिहिली, तिची शिटी मी स्वयंपाकघरात सायवचे केस विंचरताना ऐकायची.

"आई, ही तुझी गाडी ना?" सायवने एकदा विचारलं.

"हो."

"मग तू इथे का?"

एन्डा दोनदा आईकडे जाऊन आला. दोन्ही वेळा तिने त्याला पोटभर जेवू घातलं आणि नाही म्हणून पाठवलं. जानेवारीच्या एका रविवारी मी एकटी गेले. फ्लॅट नीटनेटका होता. रेडिओवर, आमच्याकडे रोज सांगतात तशा, कोणाकोणाच्या अंत्यविधीच्या वेळा सांगत होते. तिने तो बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला. चहा ओतला आणि समोर बसली.

"माफी मागायला आलीस, की पोर सांभाळायला बाई हवी म्हणून?"

"दोन्ही."

"मग एकेक माग. मिसळू नकोस."

मी मागितली. काय बोलले ते नीट आठवत नाही. मला तिची भीती वाटत होती हे सांगितलं, आणि मी तिला वापरलं हेही सांगितलं. बोलताना रडू आलं. तिने रुमाल वगैरे काही दिला नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "माफ केलं असं मी म्हणत नाहीये. ऐकलं म्हणाले. आता दुसरं माग."

"सकाळी याल का सायवसाठी?"

तिने कप फिरवला. "पावणेसहाची बस. तुमच्या समितीचीच ना ती?"

"हो. आमच्या दारावरून जाते."

"सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी माझा पत्त्यांचा डाव असतो. शुक्रवारचं तुझं तू बघ." मग जरा वेळाने म्हणाली, "पोरीसाठी येतेय. तुझ्यासाठी नाही."

शुक्रवारची पाळी एन्डाने बदलून घेतली.

तेव्हापासून ती ज्या बसने येते, त्याच बसने मी स्टेशनला जाते. सहा बाराला बस आमच्या दारात थांबते. ती उतरते, मी चढते. मध्ये अर्धं मिनिट मिळतं. "दूध संपलंय." "खोकलत होती पहाटे." "रात्री बर्फ पडला, पायरी जपा." एवढंच. ड्रायव्हर डेक्लन आता आम्हाला ओळखतो, तेवढं थांबतो. दोनदा बस आलीच नाही, तेव्हा मी पुन्हा कार काढली. साहेबांनी बोलावणं मात्र थांबवलं.

हिवाळाभर फाटकावरून गाडी जायची तेव्हा बाहेर काळोख असायचा. एकदा उतरता उतरता डीलियाने विचारलं होतं, "दिसतं का तिथे काही?" मी "अंधार असतो" म्हणाले, आणि ते खरंच होतं. एप्रिलमध्ये सकाळी उजाडायला लागलं. मग दिसू लागलं. साखळी, पत्रे ठोकलेल्या खिडक्या, अंगणात माजलेली तिची रुबार्बची रोपं. आणि एका मंगळवारी घर नव्हतं. दगडांचा ढीग होता, त्याच्यावर पिवळं यंत्र मान खाली घालून उभं होतं.

एन्डाला रात्री जेवतानाच सांगितलं. "मम्मीला मी सांगतो, रविवारी," तो म्हणाला.

"नको. उद्या मीच सांगते."

बुधवारी बस आली, दार उघडलं. ती एक पायरी खाली उतरली होती.

"डीलिया, घर पाडलं. काल सकाळी मी गाडीतून पाहिलं."

तिने दाराची दांडी धरली. मागून डेक्लन म्हणाला, "काय बायांनो, चढायचं की उतरायचं?" मग त्याने इंजिन बंद केलं.

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

"चुलीची भिंतपण?"

"तीपण."

ती खाली उतरली, फुटपाथवर उभी राहून हातमोजे काढले, पुन्हा घातले. "जा," म्हणाली. "बस खोळंबलीये."

मी चढले. मागच्या काचेतून पाहिलं तर ती दारात किल्ली लावत होती आणि किल्ली कुलपात बसत नव्हती.

संध्याकाळी सायवने सांगितलं, नॅनाने आज लापशी केली नाही, बिस्किटं दिली आणि बाकीचा वेळ कोट घालून खुर्चीत बसली होती. गुरुवारी सहा बाराच्या बसमधून कोणी उतरलं नाही. मी डेक्लनला पुढे जायला सांगितलं आणि साहेबांना फोन केला.

सोमवारी ती आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्या शेजारून आत जाताना म्हणाली, "पोरीला बूट लहान होताहेत. तुझ्या लक्षात आलं नसेल," आणि दार लावून घेतलं.