मिस्मार

“उजेड कुठून येतोय ते सांग,” उल्हास म्हणाला.

भिवाने चांगला, उजवा डोळा तळहाताने घट्ट दाबून धरला होता. डाव्या डोळ्यासमोर डॉक्टरीणबाईंच्या टॉर्चचं बटण वाजलं. टिक.

“उजवीकडनं,” भिवा म्हणाला.

टिक.

“वरनं. आता खालनं. दिसतंय की, साहेब. अंधुक हाय, पर दिसतंय.”

डॉक्टर सफा थांबल्या आणि उल्हासला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. उल्हासने घसा साफ केला.

“भिवा, टॉर्च बंद आहे. शेवटच्या तीन वेळा बाईंनी नुसतं बटण वाजवलं.”

भिवाने हात खाली घेतला. अजमानच्या त्या दवाखान्याची अर्धी भिंत परत आली.

भिवा पाटण तालुक्यातला, चौतीस वर्षांचा. सात वर्षं इथे, आखातात, शटरिंगच्या कामावर. स्लॅब ओतायच्या आधी फळ्यांचा साचा ठोकायचा आणि काँक्रीट धरलं की तोच साचा उचकटायचा. मार्चमध्ये असाच उचकटताना पहारीखालून एक खिळा सुटला आणि टोकाने नाही, चपट्या माथ्याने डाव्या डोळ्यावर आदळला. रक्त आलं नाही, तिथेच घात झाला. रक्त आलं असतं तर कुणीतरी धावलं असतं.

गॉगल? होते ना. सेफ्टीवाले पाहणीला आले त्या दिवशी सगळ्यांना वाटले, फोटो काढले आणि संध्याकाळी सुपरवायझर उल्हासने मोजून स्टोअरमध्ये परत ठेवले. वापरले की खराब होतात म्हणे. डोळे खराब झाले तर ते कुठे लिहायचे, याची वही कुठल्याच स्टोअरमध्ये नसते.

कामगारांच्या कॅम्पवरच्या कंपाउंडरने थेंब दिले, गोळ्या दिल्या. दीड महिन्यात बुबुळाच्या मधोमध पांढरा ठिपका उमटला आणि खोलीतल्या आठही जणांना हायसं वाटलं. कारण आता त्या दुखण्याला नाव सापडलं होतं.

“आरं, मोतीबिंदू ह्यो!” बाबाजी म्हणाला. बाबाजी खोलीतला सगळ्यांत वडील. गावी असताना म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून डोळ्यांच्या शिबिराला न्यायचा, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. “माझ्या आयचा काढला न्हवं. पर कच्चा काढत न्हाईत. पिकू दे. पिकला का अलगद सुटतोय.”

“किती दिस लागत्यात पिकाय?”

“आंब्याला इचारतुयास व्हय? पिकंल तवा पिकंल.”

खोली हसली. भिवाही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने उल्हासला सांगितलं, “साहेब, मोतीबिंदू झालाय.” उल्हासचा चेहरा उजळला. “मग ठीक आहे रे. ते काय, होतंच माणसाला.” आणि गावी आशाला, बायकोला, त्याने फोनवर सांगितलं की दिवाळीला सुट्टीवर येतो, तोवर पिकतोय.

रोज सकाळी तो आरशात बघायचा. पांढरं वाढलेलं दिसलं की त्याला बरं वाटायचं. मग डोकं ठणकायला लागलं. डोळा कुणी आतून मुठीत धरून पिळतंय असं व्हायचं, ओकारी यायची. पिकताना दुखायचंच, असं म्हणून तो कपाळाला पंचा करकचून आवळायचा आणि कामावर जायचा. माराने आलेला मोतीबिंदू वेगळा असतो, तो असा फुगू लागला की डोळ्याला एका दिवसाचीही सवड देत नाही, हे सांगायला पाच महिन्यांत एक माणूस भेटला नाही. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण एक माणूस भेटला नाही.

“म्हणतायत, आतला दाब वाढून डोळ्याची नस मेली,” उल्हास आता सांगत होता. “मोतीबिंदू काढला तरी नजर येणार नाही. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात यायला हवं होतं.”

“मंग त्यो पिकत हुता ते?”

याचं इंग्रजी उल्हासने केलं नाही.

डॉक्टर सफांनी पेन उघडून काहीतरी विचारलं. उल्हास घाईने म्हणाला, “नो, नो, डॉक्टर. नो इंजुरी. एज. नॅचरल.”

भिवाला इंग्रजी येत नव्हती. पण ‘नो इंजुरी’ येत होतं. साइटच्या गेटवर पांढरा बोर्ड होता. त्यावर हे दोन शब्द छापलेले आणि शेजारी मार्करने रोज बदलायचा आकडा, किती दिवसांत कुणाला इजा नाही त्याचा. खिळा लागला त्या दिवशी २०६ होता. दुसऱ्या दिवशी २०७ झाला.

“साहेब, खिळ्याचं सांगा की.”

“गप रे. मोतीबिंदू तूच म्हणालास ना? आता खिळा कुठून काढतोस? माझी पण नोकरी आहे.”

“चौतिसाव्या वर्षी म्हातारा झालो व्हय मी?”

डॉक्टर सफा दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या इजिप्तच्या. हिंदी त्यांना कळत नव्हती, मराठी तर दूरच. भिवा शब्द शोधू लागला. मग त्याला साइटवरचा फोरमन आठवला. तोही इजिप्तचाच, दिवसभर फळ्यांवरून खिळ्यांची घाई करत ओरडणारा: यल्ला, मिस्मार! मिस्मार!

“मिस्मार,” भिवा म्हणाला. डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. “हितं. मिस्मार. धाडकन.”

सफांचं पेन थांबलं. “मिस्मार?”

भिवाने मान हलवली.

“डॉक्टर, ही इज...” उल्हास सुरू झाला. सफांनी त्याच्यासमोर तळहात धरला. “खलास,” त्या अरबीत म्हणाल्या, म्हणजे बस्स. लिहिलेली ओळ त्यांनी खोडली आणि खाली नवी लिहिली.

परतताना व्हॅनमध्ये उल्हास म्हणाला, “अरबी कधीपासून यायला लागली तुला?”

“योकच शब्द येतोय.”

आशाचा फोन आला. “काय म्हनला डाक्टर? पिकला का?”

“पिकून गेला,” भिवा म्हणाला.

साइटच्या गेटवर व्हॅन थांबली. बोर्डवर ३६१ होतं. भिवा उतरला, वॉचमनच्या टेबलावरचा मार्कर उचलला आणि शर्टाच्या बाहीने आकडा पुसला. लिहायला हात पुढे केला तर मार्करने हवेतच रेघ ओढली. एका डोळ्याला वाटला होता त्यापेक्षा बोर्ड वीतभर लांब होता. त्याने डावा हात पुढे नेऊन बोर्ड चाचपला, कडेला धरून ठेवला आणि शाळेत गिरवतात तसं सावकाश, एक मोठं शून्य काढलं.

“ए, क्या करता है?” वॉचमन ओरडला.

व्हॅनमध्ये उल्हासने काच वर केली.

भिवाने मार्करला टोपण लावलं. पहिल्यांदा हुकलं, दुसऱ्यांदा बसलं. मग मार्कर जिथून उचलला होता तिथे ठेवला.