मांडववाल्याच्या वायरीवर लागलेला दिवा

मी एक जुना वॉर्मर आहे. नवजात बाळाला ऊब देणारा, डोक्यावर दिवा असलेला पाळणाच म्हणा ना! मित्रांनो, मी तिवसा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात राहतो. जुना झालो खरा, पण काम करून नव्हे. पडून पडून जुना झालो.

मार्च संपत आला होता. निधी खर्च झाला नाही तर परत जातो, म्हणून सरकारने घाईघाईने माझ्यासारखे अनेक वॉर्मर घेतले आणि दवाखान्यांना एकेक वाटले. वाटणी अगदी सारखी झाली. माझ्या जाड पिनेला लागणारे सॉकेट इथे आहे का, हे मात्र कोणी विचारले नाही. ते दुसऱ्या खात्याचे काम होते म्हणे!

उद्घाटनाला गावातल्या शकुनच्या मळ्यातला झेंडूचा हार मला घातला. मांडववाल्या पंजाबरावांनी आपल्या जनरेटरवरून वायर ओढली. माझा दिवा लागला, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मी अगदी फुगून गेलो. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिले, 'यंत्र सुरू आहे.' संध्याकाळी पंजाबरावांनी मांडव सोडला आणि वायर गुंडाळून नेली.

नर्स जाईबाईंनी सॉकेटसाठी तीन अर्ज केले. शेवटी फोनवर उत्तर मिळाले. कपाळावर हात मारून त्या म्हणाल्या, "सायब म्हन्तात, कागदावर तं मशीन सुरू हाये, मंग सॉकेट काहून पायजे?"

पौषातल्या थंडीत शकुनची पहिली मुलगी वेळेआधी जन्मली. जाईबाईंनी तिला शालीत गुंडाळून छातीशी धरले आणि गाडी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्याकडे धावली. मी कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून उभा होतो. लेक वाटेतच गेली.

ते ऐकून पंजाबराव स्वतःची वायर अन् सॉकेट घेऊन आले. अर्ध्या तासाचे काम! "मले कोनी सांगतलंच नाही, बाई," एवढेच ते बोलले आणि डोळे पुसत निघून गेले.

दीड वर्षाने शकुन पुन्हा बाळंतपणाला आली. तिची दुसरी मुलगी माझ्या दिव्याखाली हातपाय हलवू लागली. शकुनने माझ्या दांडीला हात लावला. तिच्याच मळ्यातला हार तिथे वाळून लटकत होता.

"जाईबाई, हे तवाबी इथंच होतं काय?"

जाईबाईंनी मान खाली घातली.

होतो, शकुनताई. चार पावलांवर होतो. मला बोलता आले असते, तर मी तुझी माफी मागितली असती.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी वाटप करणाऱ्या खुर्चीवर बसेल. काहीही पाठवण्याआधी तिथल्या जाईबाईला एकदा विचारा, "बाई, काय लागतं?" तेवढे विचारायला कुठलाच निधी लागत नाही.