ऑटोवर काढलेलं लग्न

कुंभार पिंपळगावात लग्न जमलं की आधी तारीख धरतात, मग आचारी, आणि मग अंगद. आपण गेल्याशिवाय नवरानवरी बोहल्यावर उभेच राहत नाहीत असं अंगदचं ठाम मत होतं आणि गावानंही ते कधी खोडून काढलं नव्हतं. त्यात त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि गडी हवेतच चालायला लागला.

तो शिकला होता जालन्यात, मस्तगडच्या राधेश्यामशेठच्या स्टुडिओत. तिथली शिस्त कडक. आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्यानं किती वाढवून घ्यायचा तो आकडा, हातानंच ठरवायचा. आधी आपला तळहात त्या उजेडात धरायचा, तो फोटोत बरोबर दिसेपर्यंत आकडा फिरवायचा, आणि मग उजेड बदलेपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. नव्या कॅमेऱ्यात ही कटकट नव्हती. आयएसओ ऑटोवर टाकला की समोर काय आहे ते बघून कॅमेराच आकडा ठरवायचा. अंगदनं तो एकदा ऑटोवर टाकला तो टाकलाच. एखादा जुना फोटोग्राफर मांडवात बटणं फिरवताना दिसला की हा हटकून विचारायचा, "काका, अजून हातपंपावरच का?"

ऑटोनं त्याला दगाही दिला नव्हता. पिवळी हळद, लाल शालू, निळेजांभळे फेटे, सगळं झकास यायचं. मग उन्हाळ्यात आष्टीचं लग्न आलं. सत्यशीलाबाई तिथल्या शाळेत शिक्षिका, त्यांची मुलगी अक्षता नुकतीच नर्स झालेली. लग्न बौद्ध पद्धतीचं, विहारासमोरच्या मांडवात, भर दुपारी. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, मागं पांढरा पडदा, आणि समोर बसलेल्या बायकाही बहुतेक पांढऱ्या लुगड्यांतल्या. अंगदला बोलावणारे म्हणजे भावकीतले नाहीतर सोयरेधायरे, त्यामुळे असं लग्न त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. लोकांनी त्याची उत्तम बडदास्त ठेवली. त्यानंही पोटभर जेवून भरपूर फोटो काढले.

घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर सगळे चेहरे काळवंडलेले. अक्षताचे फक्त दात आणि डोळे तेवढे नीट दिसत होते. अंगदच्या मनात पाल चुकचुकली, पण ती घडीभरच. कपडे तर बऱ्यापैकी दिसत होते. म्हणजे कॅमेरा ठीक होता. मग खोट कुठं असणार, यावर त्यानं फार डोकं चालवलं नाही. उत्तर त्याच्याकडे आधीपासून तयार होतं, आणि ते आपल्याकडे आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

त्यानं दोनचार फोटो सत्यशीलाबाईंना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. चाचरतच त्यांनी विचारलं, की अक्षता एवढी काळी का दिसते, फोटोत काही कमीजास्त झालं का. एवढ्या विचारण्यानंही अंगदला आपल्या हुनरावरच बोट ठेवल्यासारखं वाटलं.

"बाई, कॅमेऱ्यात बिलकुल खोट न्हाई," तो म्हणाला. "मूळचा रंगच तसा असला की फोटोत तसाच उतरतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बराबर उजळ करून देतो."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सत्यशीलाबाई म्हणाल्या, "बरं. जमंल तेवढं करा."

अंगदनं मन लावून जमवलं. कपडे, पडदा, मांडव जसाच्या तसा ठेवला आणि नुसते चेहरे धरून उजळत गेला. अक्षताचा तर इतका उजळला की गालावर पीठ सांडल्यासारखा दिसू लागला. आपण पोरीवर उपकार करतोय असंच त्याला वाटत होतं. अल्बम छापून आष्टीला गेला, तिकडून काही तक्रार आली नाही, आणि अंगद ते लग्न विसरून गेला.

दिवाळीच्या आधी त्याच्या वडिलांची, तातेरावांची, सत्तरी आली. भावकीनं बसस्टँडवर मोठं फ्लेक्स लावायचं ठरवलं. त्यासाठी फोटो हवा होता. तातेराव तिन्ही लेकांपेक्षा गोरे, आणि त्याचा त्यांना डौलही होता. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा नेहरू शर्ट, पांढरा फेटा असा थाट करून म्हातारा नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीपुढे छाती काढून उभा राहिला. अंगदनं फोटो काढला आणि कौतुकानं कॅमेऱ्यामागचा पडदा त्यांच्यापुढे धरला.

तातेरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. "आरं, मी एवढा काळा कधी झालो?"

"तुम्ही न्हाई आबा, सेटिंग चुकली," अंगद म्हणाला. "थांबा, परत घेतो."

बोलून गेला आणि तिथंच खिळला. म्हातारा परत छाती काढून वाट बघत होता, पण अंगदचा हात वर येईना. त्यानं पडद्यावर नीट पाहिलं. चुन्याची भिंत राखेच्या रंगाची आली होती. धोतरही तसंच. समोर पांढरंच पांढरं बघून कॅमेऱ्याला वाटलं होतं की उजेड फार झाला, म्हणून त्यानं आपल्या मनानं आकडा खाली ओढला होता, आणि भिंतीबरोबर बापाचा चेहराही अंधारात गेला होता. साधी गोष्ट. राधेश्यामशेठनं पहिल्याच आठवड्यात शिकवलेली.

आष्टीलाही नेमकं हेच झालं होतं. तिथली पांढरी साडीही राखाडीच आली होती, फक्त त्यानं साडीकडे नीट पाहिलं नव्हतं. बापाचा चेहरा काळा आला तेव्हा एका क्षणात कॅमेरा चुकला. अक्षताचा काळा आला तेव्हा अक्षता चुकली. आणि हे त्यानं तिच्या आईला बजावून सांगितलं होतं, वर धीर दिला होता. अंगदच्या कानशिलांपर्यंत शरम चढली. बाप समोर होता म्हणून, नाहीतर त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती.

म्हाताऱ्याचा फोटो त्यानं आकडा हातानं लावून काढला आणि तडक कॉम्प्युटरपुढे बसला. आष्टीचे मूळ फोटो उघडले. या वेळी चेहऱ्यांना हात न लावता सबंध फोटोचाच उजेड वाढवला. साडी पहिल्यांदा पांढरी झाली, आणि साडीबरोबर अक्षता वर आली. सावळी, तुकतुकीत, मान किंचित तिरकी करून हसणारी. फोटोत कसलीच खोट नव्हती.

सगळा अल्बम त्यानं नव्यानं छापला. दिवाळीची भेट म्हणून गुपचूप पाठवून द्यावा, असं मनात आलंच. तेवढ्यावर निभावलं असतं. पण सत्यशीलाबाईंची फोनवरची ती शांतता त्याला आता सारखी ऐकू यायला लागली होती, आणि तिच्यापुढे टिकाव लागेना. रविवारी सकाळी त्यानं मोटारसायकल काढली.

अक्षता माहेरी आलेली होती. सत्यशीलाबाईंनी चहा पुढे केला. अंगदनं चहाला हात न लावता सगळं सांगितलं. ऑटोचं सांगितलं, बापाच्या फोटोचं सांगितलं, आणि मग जड जिभेनं म्हणाला, "चूक माझी होती बाई. अन् मी ती पोरीच्या रंगावर ढकलली. मला माफ करा."

अक्षतानं नवा अल्बम घेऊन चाळला. जुना कपाटावर ठेवलेला होता, कागदात गुंडाळून. सासरी तो एकदाच उघडला, असं तिनं सांगितलं. नणंदेनं विचारलं, यात वहिनी कुठंय, आणि सगळे हसले. तीही हसली. नंतर येताना तिनं तो माहेरी आणून ठेवला.

"दादा, एक विचारू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे अंगदला जास्तच अवघड झालं. "दिवसभर तुम्ही माझ्यासमोर हुभे होता. माझं तोंड कसंय ते तुमाला दिसलं न्हाई का?"

अंगदनं कॅमेऱ्यात पाहिलं होतं, कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. पोरीकडे पाहिलंच नव्हतं. त्यानं नुसती मान खाली घातली.

"त्यांला काय विचारतीस," सत्यशीलाबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या फोटोतल्या लेकीवरून बोट फिरवत बसल्या होत्या. "ते एक दिवसाचे पाहुणे. मी तर तुला जन्मापासून बघून राह्यले. ह्यांनी फोनवर म्हणलं, अन् मी लगेच मानलं. फोन ठेवून तुला काय बोलले मी? 'तरी सांगत आल्ते, उन्हात फिरत जाऊ नको,' आसं."

अक्षतानं आईच्या मांडीवरचा अल्बम मिटला आणि तिथंच तिला टेकून बसली. सत्यशीलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. अंगदला तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि उठायचीही लाज वाटत होती.