राखणदारणीची हाळी

"हात थकला तर थकू दे पोरी, घसा झोपता कामा नये!"

नवी नवरी असताना ती पिकाची राखण करायला शेतातल्या माळ्यावर चढली, तेव्हा सासूनं खालून ओरडून सांगितलेलं हे वाक्य तिच्या हाडात मुरलं होतं. तेव्हापासून गाव तिला राखणदारीणच म्हणे. कणसावर पाखरू बसायचा अवकाश, तिची हाळी शिवारभर घुमायची. मन मागाहून जागं व्हायचं.

आणि आज, इतक्या वर्षांनी, तिच्याच शेतात तिच्याच सुनेनं पाखरू बघायला माणसं आणली होती. शहरातल्या कचेरीतले सोबती, गळ्यात दुर्बिणी. तांबड्या पंखांचं कसलंसं दुर्मिळ पाखरू म्हणे कधी नव्हे ते या शिवारात उतरलं होतं.

"आई, एवढंच करा. आवाज नको. आमचे साहेबपण आलेत."

"मी कशाला करू? मला काय कुत्रं चावलंय?" राखणदारीण म्हणाली खरी, पण तिला स्वतःच्या घशाचा भरवसा नव्हता. लग्नानंतर सूनबाई पहिल्यांदाच आपली माणसं घेऊन आली होती. आज शोभा झाली तर पुन्हा कशाला उंबरा चढेल ती?

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बांधावर बसलेला तिचा म्हातारा खुसखुसला.

"अगं, श्वास तरी घे. पाखरू राहील बाजूला, तूच उडून जाशील."

"गप बसा हो!" ती पदरातूनच फुसफुसली.

कोवळं ऊन कणसांवर सांडलं होतं. निजलेल्या बाळाच्या जावळातून हात फिरवावा तसा वारा पिकातून चालला होता. साहेब ओल्या मातीत पोटावर पालथे पडलेले. अन् ते आलं. भरल्या कणसावर अल्लद बसलं, इकडंतिकडं पाहिलं आणि दाणा टिपला.

दाणा टिपला, तिथंच घात झाला.

"हाऽऽ हूऽऽ! ऊठ मेल्या! तुझ्या बापानं पेरलंय काय?"

बोळा कुठल्या कुठं गेला. साहेबांची दुर्बीण चिखलात. पाखरू भुर्रकन उठलं, सगळ्यांच्या डोक्यावरून गिरकी घेत, पंखांखालचा तांबडा रंग आभाळभर उधळत टेकडीआड गेलं.

राखणदारणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पोरी, नाक कापलं गं तुझं मी!"

सून अजून आभाळाकडेच बघत होती. मग ती जवळ सरकली, साहेबांकडं चोरून पाहिलं आणि सासूच्या कानाशी लागली.

"आई, कुणाला सांगू नका. या दुर्बिणीतून मला आजवर एकसुद्धा पाखरू दिसलेलं नाही. सगळे 'दिसलं का, दिसलं का' विचारतात, मी आपली 'वा, वा' म्हणते. पाहिलं ते आज, पहिल्यांदा."