कोंबडीच्या वाट्याची रोटी

गरिबाच्या ताटात काय असते हे गरिबापेक्षा डॉ. वजदी अब्दुल-मौला यांना जास्त कळत असे. कैरोत त्यांना मान होता तो त्यामुळेच. अन्नधोरणावर कुठेही परिषद भरली की पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची ठरलेली, आणि मधल्या सुट्टीत केकचा पहिला तुकडाही.

त्यांचा गाजलेला निबंध रोटीवर होता. सरकारी भट्टीवर कार्ड दाखवले की माणशी रोज पाच रोट्या मिळतात. त्यांतल्या तीन माणसे खातात आणि उरलेल्या दोन शिळ्या करून, पाण्यात भिजवून, गच्चीवरच्या कोंबड्यांना घालतात, हे त्यांनी तक्त्यांनिशी सिद्ध केले. या दोन रोट्यांना त्यांनी 'गळती' असे नाव दिले. गव्हाची गळती, पाण्याची गळती, गहू आणणाऱ्या जहाजाच्या धुराचीसुद्धा गळती. एकाच निबंधात अन्न, पोषण आणि हवामान असे तिन्ही आल्यामुळे तीनही खात्यांना तो आपलाच वाटला.

डॉक्टरांना हे इतके बारीक कसे ठाऊक, असे कुणी विचारले नाही. विचारले असते तर सांगावे लागले असते, की आईमागे थोरल्या बहिणीने, इन्शिराहने, त्यांना वाढवले ते अशाच एका गच्चीच्या जिवावर. परीक्षेच्या सकाळी ती तुपात अंडी फोडून वजदीपुढे ठेवी आणि भांड्याला लागलेले रोटीने पुसून स्वतः खाई. निबंधाची संदर्भसूची लांबलचक होती. तिच्यात देशोदेशीचे विद्वान होते. कोंबडी तेवढी राहून गेली.

समितीने निबंध उचलून धरला. एका गावात रोट्या पाचाच्या तीन करून बघायचे ठरले. गाव कोणते? तर डॉक्टरांचेच, कफ्र अल-मिशमिश. डॉक्टरांनी नको म्हणायला तोंड उघडले होते, पण तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "स्वतःच्या गावापासून सुरुवात करणारा माणूस विरळा!" आणि उघडलेल्या तोंडातून "आभारी आहे" बाहेर पडले.

महिन्याभराने पाहणी सुरू झाली. पाहणीवाली मुले घरोघर फिरू लागली आणि डॉक्टर बहिणीकडे जेवायला गेले.

जिन्यातच मुलुखियाचा वास आला. त्या हिरव्या रश्श्यात लसणाची फोडणी ओतताना बाईने दचकल्यासारखा मोठ्याने श्वास ओढायचा असतो, नाहीतर रस्सा बिघडतो, असे तिकडे सगळ्याच बायका मानतात. इन्शिराहचा श्वास शेजारच्या गच्चीवर ऐकू जाई.

"या, डॉक्टरसाहेब! हात धू आधी. आणि नबीची शपथ आहे, पोटभर जेवल्याशिवाय उठायचं नाही."

ताटात अख्खी कोंबडी होती.

"ताई, आज कुठला सण?"

"सण? गावभर सण आहे. परवा उम्म शौकीकडे कोंबडी, काल त्या चिकट न्हाव्याकडे कोंबडी! त्याच्या बापानं कधी चुलीवर चढवली नव्हती. खायला घालता येत नाही, म्हणून खातोय. तीन रोट्यांत माणसं जगवायची की कोंबड्या? रमजानमध्येसुद्धा एवढं मांस शिजलं नाही रे या गल्लीत."

"आणि अंडी?"

"अंडी घालायला कोंबडी लागते, वजदी. का त्यातही काही नवा शोध लागलाय तुला?"

डॉक्टरांनी रश्श्यात रोटी बुडवली. इन्शिराहने तेवढ्यात तंगडी तोडून त्यांच्या ताटात ठेवली.

"दोन ठेवल्यात अजून. पिवळी आणि लंगडी. आणि तो भांडकुदळ कोंबडा. माझ्या हानीच्या पोरीच्या अंगात रक्त नाही, दवाखान्यातली बाई म्हणते रोज अंडं द्या. माझ्यासाठी मी तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

"नाही."

"आता मागते. तेवढ्या दोन रोट्या परत आण. या दोघी आहेत तोवर आणल्यास, तर वर्षात गच्ची भरेल. नंतर आणून उपयोग नाही."

"आणतो," डॉक्टर म्हणाले. तोंडात तंगडी होती, पण शब्द स्पष्ट आला.

पाहणीवाल्यांचा प्रश्न एकच होता: काल घरात काय खाल्लंत? गाव खोटे बोलले नाही. घरोघरी उत्तर एकच: कोंबडी. रोट्या कमी झाल्यावर गावाचे मांस खाणे कितीतरी पटीने वाढल्याचे सिद्ध झाले.

डॉक्टरांनी अहवालात एक परिच्छेद लिहिला. हे भरभराटीचे मांस नव्हे. खाद्य उरले नाही म्हणून कापलेल्या कोंबड्यांचे आहे. थोड्याच दिवसांत मांसही संपेल आणि अंडीही. दोन रोट्या ताबडतोब परत द्याव्यात. त्यांनी इतके सोपे वाक्य आजवर लिहिले नव्हते.

अध्यक्ष उठून भेटायला आले. "काय हो डॉक्टर! रोटी कमी, मांस जास्त! हे आम्ही स्वप्नातसुद्धा मागितलं नव्हतं."

"साहेब, तो एक परिच्छेद…"

"वाचला. डोळ्यांत पाणी आलं. पण आकडा मांसाचा आहे ना? कोंबडी का कापली, हा प्रश्न कोंबडीच्या घरचा. आणि कोंबड्या घटल्या म्हणजे घाण घटली, हवामानवाले खूश! परदेशातल्या अन्नसंस्थेत मोठी जागा रिकामी होतेय. तुमचंच नाव चाललंय. उगीच एका परिच्छेदासाठी…"

"तळटीप म्हणून तरी?"

"अहो, तळटीप तुमच्या हक्काची!" अध्यक्ष मनाने मोठे होते.

छपाईच्या वेळी तळटीप पानावर मावेना. छापखान्यातून फोन आला. डॉक्टर म्हणाले, "मग राहू द्या."

तीन रोट्या साऱ्या प्रांताला लागू झाल्या. परदेशातली जागा अध्यक्षांच्या जावयाला मिळाली.

पुढल्या उन्हाळ्यात दवाखान्यांकडून कागद येऊ लागले: पोरे फिकट पडली आहेत, अंडी कुठे दिसत नाहीत. समिती गंभीर झाली. अंडी अतिउष्णतेमुळे नाहीशी झाली असावीत असे एकमताने ठरले, आणि ठरलेले शोधून काढण्याचे काम डॉ. वजदींकडे आले. त्यांनी ते घेतले. काम घरचेच होते.

तापमापक घेऊन ते बहिणीच्या गच्चीवर चढले. खुराड्याचे दार सताड उघडे होते.

"पिवळी?"

"खाल्ली."

"लंगडी?"

"विकली. पोरीच्या औषधाला."

"आणि कोंबडा?"

"तो एकटा राहून काय करणार होता? भाषण?"

डॉक्टरांनी रिकाम्या खुराड्यात वाकून तापमापक टांगला. इन्शिराह बघत उभी होती. मग कोपऱ्यातून तिने मूठभर पेंढा आणला आणि त्याच्याखाली नीट पसरला.

"हे कशाला, ताई?"

"बसवलंयस तर धड बसव. बघू, अंडं घालतं का."

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

खाली येऊन ते बुटाचे बंद बांधू लागले. दुपारच्या जेवणाची वेळ होती. आतापर्यंत नबीची शपथ पडायला हवी होती; आयुष्यात या दारातून ते उपाशी बाहेर पडले नव्हते. बांधलेला बंद त्यांनी सोडला आणि पुन्हा सावकाश बांधला.

इन्शिराहने दार उघडून धरले होते.

"ऊन फार आहे," ती म्हणाली. "नीघ आता."