तीन पायऱ्यांखाली

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, आणि गोडगोड आत्मकथा ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, मला राग आलेला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चकचकीत होते. पुढे एका मोठ्या इस्पितळात राबले. आजारी माणसांना तपासणीच्या खोलीपर्यंत नेलं, बऱ्या झालेल्यांना फाटकापर्यंत सोडलं. त्यातल्या एकानेही मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. डावं चाक करकरू लागलं तसं मला फरशी पुसायच्या बादल्यांशेजारी टाकून दिलं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य धडधाकट राहिले आणि मी मेले.

तिथून मला मिस्त्रींच्या घरी आणलं. मिस्त्री म्हणजे गवंडी. परांचीवरून पडून त्यांचे दोन्ही पाय गेल्यातच जमा होते. सुरुवातीला ते माझ्याहूनही चिडके होते. एकदा भरलं ताट भिंतीवर फेकून म्हणाले, "देवाला माझेच पाय दिसले का?" त्यांची बायको भिंत पुसत राहिली. पण रोज सकाळी ती त्यांना खिडकीशी आणायची आणि प्रार्थना करायची. पुष्कळ दिवस ती एकटीच बोलत होती. मग एका सकाळी मिस्त्री पुटपुटले, "प्रभू, हात शाबूत ठेवलेस. तू सोबत आहेस. एवढ्यावर भागवतो."

त्या दिवसापासून ते मांडीवर फळी घेऊन शेजाऱ्यांची कुलपं दुरुस्त करू लागले आणि काम करता करता गाऊ लागले. ते ढोंग नव्हतं. माणसाचा सगळा भार माझ्यावर असतो, मला कळलं असतं.

माझा राग वेगळाच आहे. प्रार्थनामंदिराला तीन पायऱ्या आहेत. पूर्वी मिस्त्री आत, गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभे राहायचे. पडल्यानंतर ते पुन्हा प्रार्थनेला जाऊ लागले, त्या पहिल्या रविवारी चौघांनी आम्हाला उचलून आत नेलं. पुढे एकाची कंबर दुखली आणि बघता बघता सगळ्यांचीच दुखू लागली. मंदिराचा कारभार बघणारे पंच म्हणाले, खुर्चीसाठी उतार बांधू. बोलाचीच कढी. मिस्त्री दर रविवारी बाहेर उन्हात बसून आतल्या गीताला सूर लावायचे आणि त्यांची बायको, आमच्या बाई, त्यांच्यावर छत्री धरायच्या. बाईंनी विषय काढला की पंच हसून म्हणायचे, "अहो, मिस्त्रींची कुठे तक्रार आहे? किती समाधानी माणूस." दुसऱ्याच्या समाधानाची उशी करून झोपणाऱ्या या माणसांचा मला आजही संताप येतो.

एका रविवारी तर पाळकसाहेबांनी प्रवचनच समाधानावर केलं. दाराकडे हात करून म्हणाले, "आपल्या मिस्त्रींकडे पाहा." सगळ्यांनी सावलीतून माना वळवल्या. मिस्त्रींच्या मानेवरून घाम गळत होता.

बाईंनी छत्री मिटली आणि पायऱ्या चढून त्या दारात उभ्या राहिल्या. "ते समाधानी आहेत, पाळकसाहेब. मी नाही."

पंच म्हणाले, "बाई, देवाच्या घरात राग बरा नव्हे."

"तिचा राग बरोबर आहे," मिस्त्री खालून खणखणीत आवाजात म्हणाले. "देवाने जे दिलं ते मी घेतलं. पण या पायऱ्या देवाने नाही दिल्या. मीच बांधल्यात. शेजारी उतार घाला, मसाला कसा कालवायचा ते मी सांगतो."

पाळकसाहेब बाहेर आले आणि खालच्या पायरीवर, उन्हातच बसले. "चुकलं माझं," म्हणाले.

त्याच आठवड्यात काम सुरू झालं. वाळूच्या पाट्या पंचांनीच वाहिल्या, आणि त्यांची कंबर अजिबात दुखली नाही. मिस्त्री माझ्यावर बसून ओरडत होते, "उतार करताय की घसरगुंडी?"

आता आम्ही पहिल्या रांगेत असतो. प्रार्थनेत माझं चाक करकरतं आणि काहीजण कपाळाला आठ्या घालतात. घालोत. तेलाची बाटली कोणी आणत नाही.

समाधान मला अजून जमलेलं नाही. मिस्त्री म्हणतात, ते शिकावं लागतं, मलाही लागलं. बघू. पण मित्रांनो, तुमच्या दाराबाहेर कोणी गात बसलं असेल, तर तो गातोय म्हणून त्याला आत यायचं नाही, असं समजू नका.